आफ्रिकेतल्या प्राण्यांच्या लोककथा मुलीला सांगायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

तुमची मुलगी आठ वर्षांची आहे, तिला प्राण्यांचं वेड आहे आणि लोककथांमुळे प्राण्यांविषयी चुकीचं काही तिच्या मनात बसू नये, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, गोष्ट आधी गोष्टीसारखी पूर्ण सांगावी, मध्येच थांबून दुरुस्त्या करू नयेत. ती संपली की त्याच प्राण्याचं खरं जगणं सांगावं. मुलं दोन्ही तितक्याच आवडीने ऐकतात.

पहिली गोष्ट हनीगाइड पक्ष्याची घ्या. दक्षिण आफ्रिकेकडच्या लोककथेत एक शिकारी या पक्ष्याच्या मागे जाऊन मधाचं पोळं काढतो, पण त्याच्यासाठी मेणाचा तुकडाही ठेवत नाही. पुढे पक्षी पुन्हा बोलावतो. हा हावरेपणाने सरसर झाडावर चढतो, तर वर पोळ्याऐवजी बिबट्या!

आता खरं सांगा. बुलबुलाएवढा हा रानपक्षी खरोखरच माणसांना पोळ्यापर्यंत नेतो, आणि त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याला मेण आणि अळ्या हव्या असतात, पण झाडाच्या ढोलीतलं पोळं फोडणं त्याच्या आवाक्यात नसतं. माणसाकडे कुऱ्हाड आणि धूर असतो. मोझांबिकमधल्या निआसा भागात याओ लोक त्याला बोलावायला 'ब्र्र्र-हम्' अशी खास हाक देतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुसरे आवाज काढले तेव्हा पक्ष्याच्या मदतीने पोळं सापडण्याची शक्यता साधारण १७ टक्के होती, या हाकेने ती ५४ टक्क्यांवर गेली. बिबट्याकडे नेऊन सूड घेणं मात्र गोष्टीतलं. मधात पक्ष्याचाही वाटा असतो, हे पोरांना सांगण्याची ती रीत. मुलीला ती हाक काढून दाखवा, घरभर घुमेल.

दुसरा प्राणी तरस. पूर्व आफ्रिकेतल्या कितीतरी गोष्टींत ते हावरट आणि मठ्ठ असतं आणि ससा त्याला हमखास फसवतो. मला याचं वाईट वाटतं, कारण तिथलं ठिपक्यांचं तरस पट्टीचं शिकारी आहे. टांझानियातल्या न्गोरोंगोरो विवरात तर अनेकदा तरसांनी केलेली शिकार सिंहच हिसकावून खातात! त्यांच्या कळपात माद्यांचं राज्य चालतं. आपल्याकडे माळरानावर दिसतं ते पट्टेरी तरस वेगळं, हेही जाता जाता सांगा.

घानातल्या अकान लोकांचा अनान्सी कोळी तिला नक्की आवडेल. जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेच्या मालकीच्या. त्या विकत घ्यायच्या तर अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि एक परी पकडून आणायची. अनान्सी गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर पाणी ओततो, "पाऊस आला, या तुंब्यात शिरा!" म्हणतो आणि वरून बूच लावतो. पुढे गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर या कथा जमैकापर्यंत पोचल्या. तो लबाड आहे, लबाडच राहू द्या, त्याला गुणी बाळ करू नका. आणि सांगताना बिबट्याचा वाघ होऊ देऊ नका, आफ्रिकेच्या रानात वाघ नाहीत.

शक्यतो 'आफ्रिकेतली गोष्ट' एवढंच म्हणू नका. ५४ देशांचा खंड आहे तो. अकान लोकांची, झांझिबारची, असं म्हणा आणि नकाशावर जागा दाखवा.

झांझिबारची एक गोष्ट मात्र मुद्दाम शेवटी ठेवा. समुद्रावर झुकलेल्या झाडावरचं माकड रोज शार्कला फळं टाकतं. एक दिवस शार्क त्याला पाठीवर घेऊन निघतो आणि भर समुद्रात सांगतो, "आमचे सुलतान आजारी आहेत, त्यांना माकडाचं काळीज हवंय." ही आपल्या पंचतंत्रातली माकड-मगरीची गोष्ट. हिंदी महासागरावरच्या जुन्या व्यापारी वाटांवर मालाबरोबर गोष्टीही फिरत. पण हे आधी सांगू नका, तिला स्वतःला ओळखू द्या.