गल्लीतला फ्लेक्स अजून आहे काय?

मुलगा नव्हता आला, आई आली होती. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसल्या बसल्या त्यांनी मोबाइल पुढं सरकवला. "मॅडम, बघा की. दिवसाला चौदा-चौदा कॉल. आणि दर वेळी एकच, परत येऊ काय? आणू काय हो त्याला?"

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात हा प्रश्न माझ्याकडं दरवर्षी येतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मुलगा शहापूरचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स, आणि थेट जर्मनी. आपल्याकडची बारावी करून गेलेल्या बहुतेकांना तिथं लगेच विद्यापीठात बसता येत नाही. आधी स्टुडिएनकोलेगचं तयारीचं वर्ष, परीक्षा, मग पदवी. हे वर्षही सहसा जर्मन भाषेतूनच. सरकारी ठिकाणी फी फारशी नसते, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवावे लागतात. त्यातले महिन्याला ९९२ हाती येतात. वडिलांनी दुकानावर कर्ज काढून ते भरले होते.

शनिवारी रात्री नऊला मी त्याच्याशी ऑनलाइन बोलले. तिथं दुपारचे साडेचार, तरी खोलीत अंधार. दिवासुद्धा लावला नव्हता.

"झोपतोस कधी?"

"आई पूजा झाली की सातला फोन करते. तोवर जागाच असतो."

आपले सात म्हणजे त्याचे रात्रीचे अडीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागं जातात, साडेतीन तासांचं अंतर साडेचारचं होतं. हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सकाळी आठचा तास रोज बुडत होता. बाकी दिवसभर आईचा फोन मिसळणाच्या डब्याला टेकवलेला. ती भाकरी थापतेय, तो तिकडून बघतोय. पोरगं राहायला जर्मनीत होतं, पण दिवस शहापूरच्या घड्याळावर काढत होतं.

भाषा जमत नाही म्हणाला, तेव्हा मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला मराठीतून एकदम इंग्लिशमध्ये आलास, तेव्हा काय झालं होतं? "फिजिक्सच्या पहिल्या टेस्टला अकरा मार्क." मग? "जानेवारीपासून कळायला लागलं." मी मनात खूश. तेवढ्यात तो म्हणाला, "पण मॅडम, तिथं बाकावर शेजारी मराठी मीडियमचाच पोरगा होता. आम्ही दोघं मिळून नापास झालो होतो."

माझं अस्त्र तिथंच गळालं. त्याचं बरोबर होतं. 'मित्र कर, मिसळ' हा सल्ला तर मी आता देणंच सोडलंय. बुजलेल्या माणसाला तो शिक्षेसारखा वाटतो. म्हणून मी एवढंच विचारलं, तिथं तुझ्यासारखंच अडखळणारं कोण आहे? थोडा विचार करून म्हणाला, मोरोक्कोचा एक आहे, गणितात अडतो. स्टुडिएनकोलेगात सगळे परदेशीच, त्यामुळं जर्मन सगळ्यांचीच मोडकी. ठरलं ते इतकंच: गुरुवारी तासानंतर त्याच्याबरोबर दोन गणितं.

दुसऱ्या भेटीत, फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "आमच्या गल्लीतला फ्लेक्स अजून आहे काय, बघाल?" तेव्हा मला खरी गाठ सापडली. तो निघाला तेव्हा मंडळाच्या पोरांनी कोपऱ्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता, कोट घातलेला फोटो, खाली पन्नास शुभेच्छुक. परत यायचं तर त्या फ्लेक्सखालून यायचं. इकडं जीव रमेना, तिकडं तोंड दाखवायची लाज, आणि वर कर्ज.

आईला मी सांगितलं, आणायचं की नाही हे आत्ता ठरवू नका. फेब्रुवारीत सहामाही संपेल तेव्हा बघू. 'आलास तरी चालेल' हे मात्र वडिलांनी स्वतःच्या तोंडानं म्हणावं. फोन रोज एकच, त्याच्या संध्याकाळी. पण खाणं सुटलं, आठवडाभर खोलीबाहेर पाऊल नाही, किंवा 'जगून काय करू' अशी भाषा आली, तर फेब्रुवारीची वाट बघायची नाही. विद्यार्थ्यांसाठी तिथं समुपदेशन केंद्रं असतात, आरोग्य विमा सक्तीचा असल्यानं डॉक्टरकडं जाता येतं, आणि जिवावरचं असेल तर तिथला तातडीचा नंबर ११२.

फोन कमी करणं आईलाच जड गेलं, त्याला नाही. पहिले चार दिवस त्या सातला मोबाइल हातात घेऊन देवापुढं नुसत्या बसून राहिल्या.

वडील बोलायला तयार नव्हते. तिसऱ्या रविवारी बोलले, तेही आडवळणानं. "फ्लेक्स काढला रे. दुकानामागं पत्रा गळत होता, त्यावर घातलाय. तुझं तोंड वर आहे, पाऊस लागतोय."

पोरगं हसलं म्हणे. परत यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. गुरुवारची गणितं चालू आहेत.