ट्रेसराउटमध्ये एकच हॉप, मग पॅकेट गेलं कुठून?

मिनिनेटमध्ये (एकाच संगणकावर आभासी नेटवर्क उभं करणारं साधन) चार ओपन व्हीस्विच (ओव्हीएस, सॉफ्टवेअरमधला स्विच), एच१ ते एच२ या दोन होस्टमध्ये दोन वाटा, आणि ट्रेसराउट मात्र पहिल्याच हॉपला एच२ दाखवतो, असं तुम्ही लिहिलंय. यात बिघाड काही नाही. ट्रेसराउट टीटीएलवर (पॅकेटला उरलेल्या हॉपांचा आकडा) चालतो आणि तुमचे स्विच टीटीएल कमीच करत नाहीत. स्विचच्या नियमात 'डेक-टीटीएल' (टीटीएल एकने कमी करा) घातलं तरी टीटीएल संपलेलं पॅकेट फार तर कंट्रोलरकडे, म्हणजे स्विचना नियम देणाऱ्या प्रोग्रामकडे, जाईल. ट्रेसराउटला हवं असलेलं आयसीएमपीचं (नेटवर्कचे त्रुटी-संदेश) उत्तर कंट्रोलरने स्वतः बनवून पाठवलं तरच मिळेल.

सुरुवात 'ऑफप्रोटो/ट्रेस'ने करा; ही ओव्हीएसची कमांड काल्पनिक पॅकेट नियमांतून चालवून दाखवते. पहिल्या स्विचला, एस१ ला, इन-पोर्ट, दोन्ही मॅक, दोन्ही आयपी, टीसीपीचे दोन्ही पोर्ट असं पूर्ण वर्णन द्या. कोणत्या टेबलात कोणता नियम लागला, त्याची प्रायॉरिटी किती, पॅकेट कोणत्या पोर्टने बाहेर पडलं, सगळं ओळीने दिसतं. मिनिनेटमध्ये स्विच व्हेथ जोड्यांनी (दोन टोकांच्या आभासी केबलने) जोडलेले असतात, त्यामुळे ट्रेस दर स्विचला थांबतो. पॅकेट एस१-ईथ३ या पोर्टने बाहेर पडलं, तर त्याचं पलीकडचं टोक कोणत्या स्विचवर आहे ते मिनिनेटच्या 'नेट' कमांडने बघा आणि तिथून पुन्हा ट्रेस लावा. कंटाळवाणं आहे, पण चूक नेमकी इथेच सापडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पिंगवरून टीसीपीची वाट ठरवू नका. एकदा मी एक अख्खी रात्र चुकीच्या लिंकवर घालवली आहे. पिंग शंभर टक्के व्यवस्थित आणि टीसीपीची काही कनेक्शनं मात्र लटकत होती. सिलेक्ट ग्रुपमध्ये (रहदारी अनेक वाटांत वाटणारा नियम) दोन बकेट, म्हणजे दोन पर्यायी वाटा, होत्या, एकीची लिंक मेलेली आणि तिला वॉच-पोर्टच (लिंक मेली तर बकेट वगळायला लावणारी खूण) दिलेला नव्हता. पिंग नेहमी चांगल्या बकेटमध्ये पडायचं. तुमच्याकडेही दोन वाटा आहेत, म्हणजे सिलेक्ट ग्रुप असणारच असं धरून मी हे सांगतोय. ओव्हीएस २.१० पासून बकेट निवडायचा हॅश (पॅकेटच्या फील्डवरून काढलेला आकडा) मुळात डेटापाथमध्ये, म्हणजे पॅकेट प्रत्यक्ष पुढे ढकलणाऱ्या थरात, काढला जातो, त्यामुळे ट्रेसने दाखवलेली बकेट खऱ्या पॅकेटचीच असेल असं धरू नका.

म्हणून खरी रहदारी मोजा. दोन वाटांवरच्या एस२ आणि एस३ वर त्याच कनेक्शनच्या पाचही फील्डवर (दोन्ही आयपी, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल) जुळणारा, जास्त प्रायॉरिटीचा तात्पुरता नियम घाला. ॲक्शन जुन्या नियमाचीच ठेवा, फक्त कुकी (नियमाची ओळख-खूण) वेगळी द्या. मग आयपर्फ (चाचणीची रहदारी पाठवणारं साधन) चालवा, सोर्स पोर्ट ठरवून. एक-दोन सेकंद थांबून 'डंप-फ्लोज' (स्विचवरच्या नियमांची यादी) बघा, कारण आकडे डेटापाथमधून वर यायला थोडा वेळ लागतो. ज्या स्विचवर तुमच्या कुकीचे एन-पॅकेट्स (त्या नियमाला लागलेली पॅकेटं) वाढले, तीच वाट. खात्रीला एस२-ईथ१ वर टीसीपीडंप (पॅकेटं पकडून दाखवणारं साधन) लावा. परतीच्या पॅकेटसाठी हेच पुन्हा करा, आयपी-पोर्ट उलटे करून. ती वाट वेगळी निघाली तर दचकू नका.

प्रत्येक वेळी हे हाताने नको असेल, तर २०१४ मधल्या 'एसडीएन ट्रेसराउट' या शोधनिबंधाची युक्ती वापरता येते: शेजारच्या स्विचना वेगवेगळे रंग द्यायचे, प्रोबवर (चाचणीच्या पॅकेटवर) रंगाचा टॅग लावायचा आणि प्रत्येक स्विचने तो प्रोब कंट्रोलरकडे पाठवायचा. बाकीची पॅकेटं नेहमीच्याच नियमांनी जातात. पण चार स्विचसाठी एवढा खटाटोप कशाला? आधी 'डंप-ग्रुप्स'चं आउटपुट इथे टाका, बकेटला वॉच-पोर्ट आहे का ते मी बघतो.