फॅन्टसी कॅम्पेनमधल्या खलनायकाचा कट खेळाडूंना पटेल असा कसा रचावा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कॅम्पेनमधला, म्हणजे महिनोन्महिने चालणाऱ्या खेळातल्या गोष्टीतला, जादूगार राजाचा खून करून गादी बळकावणार आहे. त्याच्याकडे सैन्य आहे, शापित तलवार आहे, तरी खेळाडू दर वेळी विचारतात, "पण कशाला?" आणि तिथे तुम्ही अडता. मीही नेमका तिथेच अडलो होतो.

मी भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पुढे राहतो. धानाची रोवणी उरकली की आम्ही पाच जण रात्री सतरंजी टाकून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ खेळतो. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी असतो. माझा पहिला खलनायक स्मशानातला मांत्रिक होता. त्याला गाव जाळायचं होतं. तिसऱ्या रात्री एका मित्रानं फासा खाली ठेवला आणि म्हणाला, "गाव जाळून याले भेटन का जी? राखच ना?" ते कॅम्पेन तिथंच थांबलं.

आमच्या झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकात खलनायकानं पहिल्याच प्रवेशात मंडप हादरवला की तो लोकांना पटतो. पहाटेपर्यंत निकाल लागणार असतो आणि त्याला उलट प्रश्न कोणी विचारत नाही. कॅम्पेनमध्ये खेळाडू महिनोन्महिने त्याच्या मागावर असतात. त्याच्या गड्याला दारू पाजून बोलतं करतात, वह्या चोरतात, हिशोब लावतात.

म्हणून दुसऱ्या वेळी मी एक गोष्ट धरून ठेवली. कटाची पहिली पायरी अशी हवी की गावानं खलनायकाचे आभार मानावेत. जबरदस्तीला पहारेकरी लागतात, पैसा लागतो, आणि कोणीतरी फुटतंच. लोक जे आपणहून करतात त्यावर पहारा ठेवावा लागत नाही.

मी आमच्याच भागातला तलाव घेतला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो जुने तलाव आहेत. कितीतरी कोहळी समाजानं बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं ओळखला जातो. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले, म्हणून आज त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतात. पाणी सोडायची जागा म्हणजे तुडुम. त्याला वेगवेगळ्या उंचीवर भोकं असतात. पाणी जसं उतरत जाईल तसं खालचं भोक उघडायचं. शेतांना पाणी वाटून देणारा तो पाणकर.

माझ्या खेळातली खलनायिका ज्या घराण्यानं तलाव बांधला त्याच घराण्यातली होती. राजाच्या फर्मानानं तलाव गेला आणि घर बसलं. तलावाच्या तळाशी तिच्या पूर्वजांनी बांधून ठेवलेली एक शक्ती होती. ती हवी तर तलाव रिता व्हायला हवा. तलावाची पाळ, म्हणजे बांध, फोडली असती तर आख्खं गाव काठ्या घेऊन धावलं असतं. म्हणून पहिल्या वर्षी तिनं पदरच्या पैशानं तुडुम दुरुस्त केला आणि तलावात माजलेलं बेशरम नावाचं झुडूप उपटून काढलं. दुसऱ्या वर्षी पाणकराच्या लेकीच्या लग्नाचं कर्ज फेडलं. तिसऱ्या वर्षी गावाला उसनवारीवर नवं बियाणं दिलं, भरघोस लोंबीचं, पण उशिरा निसवणारं, म्हणजे लोंबी उशिरा बाहेर टाकणारं. आता यातली मेख अशी: हस्ताचा पाऊस दगा देतो, नेमका तेव्हा हा धान पोटरीत असतो, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आत असते. तेव्हा पाणी नाही मिळालं तर लोंबीत दाणा भरत नाही, पळंजच, म्हणजे पोकळ दाणेच, हाती लागते. मग गावच पाणकराच्या दारात उभं राहून म्हणतं, सगळ्यात खालचं भोक उघड. तलाव गावानंच रिता केला, तिनं बोट लावलं नाही.

आणि बियाण्याची पोती डाकूंपासून वाचवून गावात आणली होती माझ्याच खेळाडूंनी, पहिल्या लेव्हलला असताना. आमच्यातला एक जण खरोखर पाणी वाटपाचं काम बघतो. सगळं उलगडलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिच्या जागी मी असतो तर असाच केलो असतो." त्या वाक्यानंतर कट पटला की नाही हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

आता जादूचं. जिथे मंत्रानं खरं बोलवून घेता येतं तिथे कट टिकतो कसा, हे खेळाडू विचारणारच. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत 'झोन ऑफ ट्रुथ' हा मंत्र क्लेरिकला, म्हणजे देवाच्या शक्तीनं मंत्र टाकणाऱ्या पात्राला, तिसऱ्याच लेव्हलला मिळतो. त्याच्या घेऱ्यात जो मंत्राला बळी पडतो, त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. आमच्या क्लेरिकनं तो पाणकरावर टाकला. पाणकर म्हणाला, "बाईनं गावाचं भलंच केलं." ते खरं होतं, कारण त्याला तेवढंच माहीत होतं. 'स्पीक विथ डेड'मध्येही मेलेला माणूस पाचच प्रश्नांना उत्तर देतो आणि जिवंतपणी जेवढं ठाऊक होतं तेवढंच सांगतो. म्हणून कटातल्या प्रत्येक माणसाला आपापल्या वाट्याचा तुकडाच माहीत असू द्या, आणि तो तुकडा त्याच्या दृष्टीनं चांगला असू द्या. मंत्र निष्प्रभ करणारी अंगठी खलनायकाला देऊ नका, खेळाडूंना ती फसवणूक वाटते आणि त्यांचं बरोबर असतं.

खुणा मात्र भरपूर सोडा. एकच ठेवली तर ती हमखास निसटते. मी बियाण्याच्या तीन ठेवल्या होत्या: जुन्या म्हाताऱ्याची तक्रार की हा धान फार दिवस घेतो, उसनवारीच्या वहीतली एक तारीख, आणि शेजारगावात आधी करून पाहिलेला आटलेला तलाव. पहिल्या दोन सुटल्या, तिसरी लागली.

कट बिनचूकही ठेवू नका. तिला वाटलं होतं पाणकर कायमचा मिंधा राहील. पण लेक बाळंतपणाला माहेरी आली, तिनं आटलेलं पाणी पाहिलं आणि बापाला जाब विचारला. हे माझ्या नियोजनात नव्हतं, एका खेळाडूनं तिच्याशी गप्पा मारल्या म्हणून सुचलं. खलनायिकेला घाईनं पुढचं पाऊल उचलावं लागलं आणि तिथे ती दिसली.

तुमच्या जादूगाराकडे येतो. खून, सैन्य, तलवार थोडा वेळ बाजूला ठेवा. गादीवर बसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोणत्या कागदावर सही करणार आहे, ते आधी ठरवा. बापाची जमीन सोडवणार आहे? एखाद्या देवळावरची बंदी उठवणार आहे? ती सही ठरली की मागे जा: त्यासाठी राजा मरायलाच हवा का, आणि कोणी आपणहून दार उघडून देईल का? राजाच्या आचाऱ्याला, वैद्याला, धाकट्या भावाला कशाची नड आहे, ते लिहून काढा. जादूगार ती नड भागवायला दोन वर्षं आधीच तिथे पोचलेला असू द्या.

आमच्या खेळात शेवटी असं झालं की तुडुम बंद केला तर गावाचा धान जातो आणि उघडा ठेवला तर तळातलं ते जागं होतं. पोरं दोन रात्री नुसती भांडली. तिसऱ्या रात्री त्यांनी तिलाच बोलावलं आणि विचारलं, तलाव कागदोपत्री तुझ्या नावावर झाला तर थांबशील का? मी फासा टाकायला सांगितला नाही. ती थांबली असती, हे मला तिचं सगळं माहीत असल्यामुळे आधीच ठाऊक होतं.