माचणूरची छावणी आणि बादशहाचा कागदी मुलूख

प्रश्न : आमच्या गावाजवळ भीमेकाठी माचणूरचा किल्ला आहे. तिथे औरंगजेबाचा चार वर्षे मुक्काम होता, असे सांगतात. आदिलशाही आणि कुतुबशाही बुडवून ज्याने साम्राज्याचा सर्वाधिक विस्तार केला, त्याच्या पश्चात ते एवढ्या लवकर कसे विस्कटले? हे केवळ मराठ्यांमुळे झाले का?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : माचणूरलगतच्या ब्रह्मपुरीस बादशहाची मुख्य छावणी १६९५ ते १६९९ अशी होती आणि गावाचे नाव त्याने इस्लामपुरी ठेवले होते. १६८१ साली दक्षिणेत उतरलेला हा बादशहा पुन्हा कधी दिल्लीस परतला नाही. १७०७ मध्ये तो अहमदनगरला वारला.

विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये पडले, तेव्हा नकाशा मोठा झाला हे खरे. पण या विजयांतच पुढच्या अडचणीचे मूळ होते. बुडालेल्या दोन्ही दरबारांच्या सरदारांना, तसेच फितवून आणलेल्या मराठ्यांना मनसबी, म्हणजे दर्जा आणि पगार ठरवणारी पदे, द्याव्या लागल्या. मोगली पद्धतीत मनसबदाराचा पगार बहुधा जहागिरीच्या वसुलातून भागे आणि त्यातूनच त्याने नेमून दिलेले घोडेस्वार बाळगायचे असत. नव्या मुलखातला चांगला भाग बादशहाने खालशात, म्हणजे सरकारी वसुलासाठी, राखून ठेवला. उरलेल्या जमिनीवर जुन्या-नव्या उमेदवारांची झुंबड उडाली आणि ‘एक अनार, सौ बीमार’ अशी गत झाली.

ज्याला जहागीर मिळे, त्याचेही सुख कागदापुरतेच असे. सनदेत लिहिलेली ‘जमा’ आणि प्रत्यक्ष हाती पडणारा ‘हासिल’ यांत महदंतर होते, कारण शेत दुष्काळाने आणि लष्कराच्या येण्याजाण्याने उजाड झालेले, आणि जे पिकले त्यावर चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, मागायला मराठ्यांचा कमाविसदार (वसुली अधिकारी) आधीच हजर. मग जहागीरदार पदरचे स्वार कमी करी, हजेरीत खोटे आकडे भरी, किंवा मराठ्यांशी गुपचूप तडजोड करून आपला वाटा सोडवून घेई. आमच्या मते साम्राज्य पोखरले गेले ते इथे.

अशा स्थितीत बादशहाने केले काय, तर म्हातारपणी एकेक गड घेत फिरण्याचा हट्ट धरला. साताऱ्याच्या वेढ्यात एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली दोन सुरुंग उडवले. पहिल्याने गडावरची माणसे गाडली गेली; किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. दुसऱ्याने मात्र तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दबा धरून बसलेली मोगलांचीच शेकडो माणसे चिरडली गेली. एवढे होऊन गड आला तो राजाराम महाराजांच्या निधनानंतर, बोलणी करून. पुढच्या वर्षांत विशाळगड, सिंहगड यांसाठी पैसा मोजावा लागला. तोरणा तेवढा लढून घेतला. बादशहाची पाठ फिरली, की मराठे ते गड पुन्हा घेत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मराठ्यांनी मोगलांना दमवले यात शंका नाही, आणि संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांच्या स्वाऱ्यांवाचून ही ओढाताण एवढी ताणली गेली नसती. परंतु जहागिरींचा घोळ बादशहाच्याच दफ्तरात होता, आणि त्याच्या मुलांनी गादीसाठी आपसांत लढून तो आणखी वाढवला. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या सनदा घेऊन आले, तेव्हा जहागीरदार इतकी वर्षे चोरून करीत असलेल्या तडजोडीवर बादशाही शिक्का उमटला. पाच वर्षांनी खुद्द मोगलांचा बडा सरदार निजामच हैदराबादेकडे स्वतंत्र होऊन बसला.