दादरला सह्या गोळा करतोय, पण कोणी थांबतच नाही

प्रश्न: आम्ही दादर वेस्टच्या सात जणी. मार्केटात येणाऱ्या आणि तिथे दिवसभर माल घेऊन बसणाऱ्या बायकांसाठी स्टेशनजवळ आणखी एक स्वच्छ, फुकट टॉयलेट हवं म्हणून सह्यांची मोहीम चालू केलीय. दोन दिवस संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ पुलाच्या जिन्यापाशी उभ्या होतो, सह्या मिळाल्या फक्त ४१. लोकांना वाटतं आम्ही क्रेडिट कार्ड विकतोय, लांबूनच हात हलवतात. जे थांबतात ते मोबाइल नंबर मागितला की मागे सरतात. पोलिसांची परवानगी लागते का? आणि मुळात सह्यांचा उपयोग होतो का? – एक वाचक, दादर

उत्तर: ताई, शेवटचं आधी घेते, कारण तिथे मन खचलं तर बाकीचं सांगून काही फायदा नाही. तुमचीच मागणी घेऊन २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांनी मात्र पैसे मोजायचे हे बंद करा म्हणून, आणि त्या बायकांनी ५०,००० च्या वर सह्या गोळा केल्या. तोवर या विषयावर चारचौघांत कोणी तोंडसुद्धा उघडत नव्हतं. तेव्हा उपयोग होतो.

आता तुमचे ४१. तुमची वेळ चुकली आणि जागा तर फारच चुकली. संध्याकाळी जिन्यापाशी येणारा माणूस लोकल पकडायच्या नादात असतो, त्याला थांबवूच नका. आणि तिथे थांबवणं धोक्याचंही आहे, २९ सप्टेंबर २०१७ ला इथून एकच स्टेशन पुढे, तेव्हाच्या एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, ते विसरून कसं चालेल! पूल, जिने, प्लॅटफॉर्म सोडूनच द्या, स्टेशनच्या हद्दीत रेल्वेची परवानगीही लागते.

लोक जिथे आधीच थांबलेले असतात तिथे जा. भाजी निवडणारी बाई, रानडे रोडवर मैत्रिणीची वाट बघत उभी असलेली मुलगी, बसच्या रांगेतले, वडापाव खाणारे. सकाळी अकरा ते एक खरेदीवाल्या बायका भेटतात, आणि रविवारी सकाळी शिवाजी पार्कचा कट्टा, तिथे लोकांना बोलायला वेळ असतो.

"दोन मिनिटं आहेत का" असं अजिबात विचारू नका, त्यानेच तुम्ही कार्डवाल्या वाटता. सरळ म्हणा, "ताई, मार्केटात बायकांसाठी टॉयलेट हवंय, सही देता?" मग गप्प राहा आणि सह्यांचं पॅड तिच्या हातात द्या. मागे एकदा मी असंच पॅड पुढे केलं तर एका आजींनी पिशवी दोन पायांत धरली, चष्मा काढला, सगळा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे देणार कोणाला?" मला पटकन सांगता आलं नाही. तेव्हापासून कागदावर वरतीच लिहिते, कोणाला आणि कशासाठी.

आणि ते प्रत्येक पानावर लिहायचं हं, नुसत्या पहिल्या नाही. लोकसभेत विनंती अर्ज द्यायचा तर नियमच आहे की सह्यांच्या प्रत्येक पानावर मागणी पुन्हा लिहिलेली हवी, आणि लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो. तुमचा अर्ज काही लोकसभेत जायचा नाही, पण कोऱ्या पानावरच्या सह्या बघून कोणीही म्हणेल, या कशाच्या कशावरून? शाईचं पॅड जवळ ठेवाच. गजरे विकणारी बाई दिवसभर तिथे बसते, तिच्याइतकी गरज कोणाला आहे, आणि सही येत नाही म्हणून तीच राहून जाते.

मोबाइल नंबरचा रकाना काढून टाका. नाव, राहण्याचा भाग, सही, बास. आधार नंबर तर कोणाकडेच मागू नका, आपल्या पिशवीतनं असा कागद हरवला तर त्या माणसाला काय तोंड दाखवणार.

पोलिसांचं म्हणाल तर मुंबईत पाच किंवा जास्त लोकांच्या जमावाला बंदीचा आदेश बऱ्याचदा लागू असतो, महाराष्ट्र पोलिस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली. म्हणून सात जणी एका जागी नको, दोघी-दोघी वेगळ्या कोपऱ्यांवर फिरा आणि आधीच पोलिस स्टेशनला साधं पत्र देऊन ठेवा. टेबल, बॅनर, लाऊडस्पीकर मांडायचं तर मात्र रीतसर परवानगी घ्या.

पावसाचे दिवस असतील तर जेल पेन नको, शाई फुटते. साधे बॉलपेन घ्या, सह्यांच्या पॅडला दोरीने बांधा.

शेवटी सगळ्या पानांची झेरॉक्स काढून मूळ गठ्ठा वॉर्ड ऑफिसात आवक विभागात द्या. आपल्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका, कोणी उद्या या म्हटलं तरी. आणि त्या शिक्क्याच्या पानाची एक झेरॉक्स गजरेवालीकडेही देऊन या, ती रोज विचारणार आहे, काय झालं त्या कागदाचं.