रेव्हिटमध्ये मिरर कमांड असताना फॅमिलीला फ्लिप कंट्रोल कशाला आणि कसे द्यायचे?

नेमका हाच प्रश्न ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या एका ऑफिसात आमचे तेव्हाचे बीआयएम मॅनेजर, म्हणजे इमारतीच्या डिजिटल मॉडेलचं काम बघणारे, मला येता-जाता विचारायचे, फक्त त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ "नको ती कामं काढू नकोस" असा असायचा. तेव्हा उत्तर थोडं तिखट येईल.

नवख्यांसाठी: रेव्हिट म्हणजे इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, फॅमिली म्हणजे त्यात बसवायची दार-पंपासारखी तयार वस्तू, मिरर कमांड म्हणजे आरशातल्यासारखी उलटी प्रत, आणि फ्लिप कंट्रोल म्हणजे एकेक वस्तू उलटवायचे बाण. आधी 'कसे' ते संपवते. फॅमिली एडिटरमध्ये क्रिएट टॅबवर कंट्रोल. डबल व्हर्टिकल दिलं की पुढे-मागे, डबल हॉरिझॉन्टल दिलं की डावं-उजवं. दाराच्या टेम्प्लेटमध्ये हे बाण आयतेच असतात, जेनेरिक मॉडेलमध्ये, म्हणजे ठरावीक प्रकारात न बसणाऱ्या वस्तूला, स्वतः टाकावे लागतात. फॅमिली सेंटर रेफरन्स प्लेन, म्हणजे मधली आधाराची रेघ, धरून काढलेली नसेल, तर प्रोजेक्टमध्ये बाण दाबताच वस्तू जागची उडी मारते. स्पेसबार दाबूनही वस्तू फिरवता येते, ते तुम्हाला माहीत असेलच.

आता 'कशाला'. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरचं मॉडेल आमच्याकडे होतं. दोन जिने, कोअर (जिने-लिफ्टचा मधला गाभा) मिरर केलेला, जिन्याचे फायर डोअर सगळे एकाच टाइपचे. शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या दारांच्या यादीत, एकच ओळ आणि एकच आकडा. दारवाल्याने फोन करून विचारलं, "मॅडम, डावे किती, उजवे किती?" शेड्यूलला ते ठाऊकच नव्हतं. मॅनेजर म्हणाले, निम्मे-निम्मे लिहून टाक, मिररच आहे ना! मी सांगत होते की पोडियमच्या, म्हणजे टॉवरखालच्या रुंद, मजल्यांवर कोणीतरी आग विझवायच्या हायड्रंटच्या पेटीसाठी काही दारं एकेकटी फिरवली आहेत, तिथे निम्म्याचा हिशोब लागणार नाही. ऐकतंय कोण. माल आला आणि पोडियमवर उघडलेलं शटर थेट पेटीसमोर उभं. लाकडी दार असतं तर सुताराने बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला ठोकल्या असत्या. फायर डोअरला साइटवर बिजागऱ्यांसाठी नवी भोकं पाडली की त्याचं प्रमाणपत्र धोक्यात येतं. पॅनिक बार (ढकलून दार उघडायचा दांडा) आणि क्लोजर (दार आपोआप लावणारा) हेही एका बाजूसाठीच बसवून आलेले. दारं परत गेली, आणि मीटिंगमध्ये सांगितलं गेलं की हा रेव्हिटचा बग आहे.

बग कसला? दाराचे दोन्ही बाण दाबले की दार फक्त १८० अंशांत फिरतं, हात, म्हणजे बिजागऱ्यांची डावी-उजवी बाजू, तोच राहतो. एकच दाबला तर हात बदलतो. रेव्हिट प्रत्येक दाराची ही नोंद ठेवतं, हॅंड फ्लिप्ड (डावं-उजवं उलटलं का), फेसिंग फ्लिप्ड (पुढे-मागे उलटलं का) आणि मिरर्ड (एकूण आरशासारखं उलटं झालं का) अशी. मिरर कमांड मारली तरी ठेवतं. फक्त ती आपणहून शेड्यूलमध्ये येत नाही. डायनॅमोने, म्हणजे रेव्हिटमधल्या छोट्या प्रोग्रामिंगच्या साधनाने, मिरर्ड वाचून एका शेअर्ड पॅरामीटरमध्ये (शेड्यूलमध्ये दाखवता येणाऱ्या रकान्यात) 'डावा' किंवा 'उजवा' लिहायचं, की पुढचा सगळा तमाशा टळतो. दुपारच्या जेवणाआधी होणारं काम आहे हे. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं आणि "आपण आर्किटेक्ट आहोत, प्रोग्रामर नाही" असं उत्तर मिळालं होतं.

माझं मत सरळ आहे. जी वस्तू बाजारात दोन्ही हातांची मिळते तिलाच बाण द्या. इलेक्ट्रिकल पॅनल, पंप, एएचयू (एसीची हवा खेळवणारं यंत्र) यांना सरसकट बाण देऊ नका. कोणीतरी सहज दाबणार, आणि कंपनी बनवतच नाही असं मशिन ड्रॉइंगवर बसणार. उघडण्याची दिशाही मॉडेलरच्या मर्जीवर सोडू नका. बाहेर पडण्याच्या मार्गावरचं दार खोलीबाहेर उघडलं पाहिजे, आणि उघडताना मार्गही अडवता कामा नये, हे राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे एनबीसी २०१६ मध्ये, लिहिलेलंच आहे.

हां, मिरर वाईट असं मी म्हणत नाही. टिपिकल फ्लॅट मीही मिररच करते. आणि काम कन्सेप्टच्या टप्प्यावर असेल, कुठल्या कंपनीचा माल ते ठरलेलंच नसेल, तर सगळ्या फॅमिलींना दोन्ही बाण देऊन खुशाल खेळा. टेंडरला जाण्याआधी नको तिथले काढून फॅमिली पुन्हा लोड करा, एवढंच.