वाचक विचारतात : डिस्टिलऱ्या बघायच्या, पण गाडी कोण चालवणार?

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही दोन जोडपी स्कॉटलंडला चाललोय, आठ दिवस, भाड्याची गाडी. यादीत चौदा व्हिस्की डिस्टिलऱ्या काढल्यात. जमेल ना? – एक वाचक, पुणे

चौदा? अहो, आमच्या मामांनी एकदा दीड दिवसात अष्टविनायक उरकले होते, घरी आल्यावर कुठल्या गणपतीला काय बघितलं ते एकालाही सांगता येईना, तसं होईल तुमचं. दिवसाला एक, फार तर दोन. टूर साधारण तास-दीड तासाची असते आणि आत जे दाखवतात ते सगळीकडे जवळपास सारखंच असतं, तिसऱ्या ठिकाणी गाइडच्या आधी तुम्हीच बोलायला लागाल.

पहिली मात्र नीट बघा. मोड आलेले सातू वाळवून दळतात, गरम पाण्यात भिजवतात, त्या खोलीत शिरलं की थेट आजीच्या सातूच्या पिठाचा वास, गूळ घालून कालवलेलं असतं ना तसाच. उरलेला चोथा गुरांना, आपल्या पेंडीसारखा. पुढे आंबवायच्या लाकडी टाक्या, माणसाच्या दुप्पट उंच. गाइड झाकण उघडून म्हणाला वाका आणि वास घ्या, मी शहाणी चांगली खोल श्वास घेऊन वाकले आणि तो कार्बन डायऑक्साइड असा नाकात गेला की डोळ्यांतून पाणी, गाइड गालात हसतोय. सगळ्यांना करतो म्हणे. त्या टाकीतलं द्रव जेमतेम आठ टक्क्यांचं, बिअरसारखं, मग तांब्याच्या भांड्यांत बहुधा दोनदा ऊर्ध्वपातन करून ते सत्तरच्या आसपास नेतात आणि ओकच्या पिंपात भरतात. किमान 3 वर्षं स्कॉटलंडमध्येच पिंपात मुरल्याशिवाय त्याला स्कॉच म्हणता येत नाही, कायदाच आहे.

आता गाडीचं. तिथे डावीकडूनच चालवतात आणि आपलं भारतीय लायसन्स पाहुण्यांना 12 महिन्यांपर्यंत चालतं, तो प्रश्न नाही. प्रश्न पिण्याचा. स्कॉटलंडने डिसेंबर 2014 पासून मर्यादा 80 वरून 50 मिलिग्रॅमवर आणलीये, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तामागे इतकं अल्कोहोल. इंग्लंडमध्ये अजून 80 आहे म्हणून लंडनचा भाचा सांगेल "एकाने काही होत नाही", त्याचं ऐकू नका. टूरच्या शेवटी तीन-चार छोटे ग्लास समोर येतात. जो चालवणार त्याने शून्य, आणि रोज माणूस बदला म्हणजे भांडणं नाहीत. बऱ्याच डिस्टिलऱ्या ड्रायव्हरचा वाटा छोट्या बाटल्यांत भरून देतात, फक्त आधी सांगायचं. मी चार दिवस ड्रायव्हर होते. रात्री मुक्कामाला पोचल्यावर बाथरूममधल्या दात घासायच्या ग्लासात माझ्या चिमुकल्या बाटल्या एकेक करून उघडल्या, आणि सांगते, दुपारी घाईघाईत पिणाऱ्यांपेक्षा मलाच जास्त कळलं.

सगळ्यात सोपं म्हणजे डफटाउनला तीन रात्री राहा. छोटंसं गाव, मधोमध घड्याळाचा मनोरा, ग्लेनफिडिखची डिस्टिलरी गावाच्या कडेलाच, चालत जा. तिथून शेजारच्या क्रेगेलाखी गावापर्यंत जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट झालीये, पुढे तीच वाट अ‍ॅबरलूरला जाते. ग्लेनलिव्हेटच्या डिस्टिलरीला मात्र गाडी लागते, पण जा. 1823 चा परवान्याचा कायदा येईपर्यंत त्या दऱ्यांत सगळा हातभट्टीचाच कारभार होता. 1824 मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने भट्टीचं लायसन्स काढलं तर शेजारचे भट्टीवाले इतके खवळले की बिचारा कमरेला पिस्तुलं लावून फिरायचा.

प्रश्न : आमचे हे म्हणतात आयला बेटावरच जायचं, धुरकट व्हिस्कीसाठी. फेरीबोटीत गाडी घालून जाणं झेपेल का? – एक वाचक, नाशिक

झेपेल, पण मेच्या शेवटच्या आठवड्यात नको, तेव्हा बेटावर व्हिस्कीचा उत्सव असतो आणि खोली सोडा, खुर्ची मिळत नाही. ग्लासगोहून केनाक्रेगच्या बोटीच्या धक्क्यापर्यंत अडीच-तीन तास, तिथून बोट दोन-सव्वादोन तास. उन्हाळ्यात बोटीतली गाडीची जागा काही महिने आधी बुक करा. आणि परतीच्या बोटीनंतर लगेच विमान ठेवू नका, आमची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली आणि एक रात्र बॅगा मांडीवर घेऊन बसलो ती अजून आठवते.

पोर्ट एलनला उतरलात की गाडी विसरा. लाफ्रॉइग, लागाव्हुलिन, आर्डबेग या तिन्ही डिस्टिलऱ्या एकाच रस्त्यावर ओळीने, शेजारून खास पायवाट आहे, शेवटपर्यंत साडेपाच-सहा किलोमीटर. तो धूर येतो पीटमुळे. दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेलं गवत-शेवाळ विटांसारखं कापतात, वाळवतात, गोवऱ्यांसारखं जाळतात आणि त्या धुरावर सातू सुकवतात. लाफ्रॉइगचा पहिला घोट म्हणजे चुलीचा धूर अधिक टिंक्चर आयोडीन. माझ्या नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आता घरी तीच लागते.

प्रश्न : सोबत सासूबाई आहेत. "दारूच्या कारखान्यात मी येणार नाही" म्हणतात. – एक वाचक, ठाणे

बरोबरच आहे त्यांचं. त्यांना क्रेगेलाखीच्या स्पेसाइड कूपरेजमध्ये न्या, तिथे फक्त पिंपं बनतात आणि दुरुस्त होतात, थेंबभर दारू नाही. वरच्या सज्जातून बघायचं, खाली कारागीर हातोड्याने पट्ट्या ठोकत पिंप फिरवत असतात, आवाजाने कान बसतात पण नजर हलत नाही. पिंपं बरीचशी अमेरिकेतून आलेली, कारण तिथे बर्बनला, म्हणजे त्यांच्या मक्याच्या व्हिस्कीला, कायद्याने नवंच पिंप लागतं, मग जुनी स्कॉटलंडला विकतात. आमच्या आईला हा जुन्या डब्यांचा व्यवहार फार पटला होता. लहान मुलं असतील तर वयाची अट आधी विचारा, काही टूरमध्ये 18 खाली घेतच नाहीत.

प्रश्न : बाटल्या किती आणता येतात? – एक वाचक, सांगली

मोठ्या माणसामागे 2 लिटर ड्युटीशिवाय. तिथली बाटली 700 मिलीची, म्हणजे दोनच. तिसरी घेतलीत की 2.1 लिटर होतात आणि त्या शंभर मिलीसाठी कस्टमवाल्यासमोर उभं राहायचं. टॅक्स परत मिळण्याची सोय तिथल्या दुकानांत 2021 पासून बंद आहे, तो हिशोब धरू नका.

प्रश्न : आमचं बजेट गोव्यापर्यंतच आहे हो! – एक वाचक, कोल्हापूर

मग कुंकळ्ळीला जा, पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आलेल्या सातूची व्हिस्की) बनवतात, बघायला लोकांना घेतात, वेळ आधी ठरवून जा. तिथे एक गोष्ट नक्की विचारा, पिंपातून किती उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास उडते, गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट, म्हणूनच आपल्याकडची पाच-सहा वर्षांत तयार होते आणि तशीच ठेवली तर पिंप रिकामं व्हायचं. चालवणाऱ्यासाठी आपली मर्यादा 30 मिलिग्रॅम, स्कॉटलंडहून कडक. आणि येताना डिकीत बाटल्या भरून परमिटशिवाय बांद्याला येऊ नका, तिथले एक्साइजवाले कोल्हापूरची पाटी लांबूनच ओळखतात.